टिटवीला ठाऊक नसलेली आग

“आजोबा, आग वांग्यासारखी का दिसते?”

सारजाने हे विचारलं तेव्हा तिचे आजोबा थर्मासमधला चहा कपात ओतत होते. प्रश्न ऐकून त्यांचा हात हलला आणि थोडा चहा टेबलावरच्या कागदावर सांडला.

“वांग्यासारखी?” त्यांनी चष्मा कपाळावरून नाकावर आणला.

कोसंबटोल्याच्या निरीक्षण मनोऱ्यात भिंतभर पडदा होता. त्यावर समोरच्या टेकडीचा नकाशा होता आणि नकाशावर केशरी रंगाचा एक लांबोळा डाग हळूहळू वाढत होता. टेकडीच्या पायथ्याशी दुपारी वणवा लागला होता. डागाचं एक टोक निमुळतं, दुसरं फुगीर. खरंच वांगं!

“आता हा चहा बघा,” सारजा म्हणाली. “कागदावर सगळीकडे सारखा पसरला. गोल झाला. मग आग गोल का नाही?”

“चहाला कुठे जायची घाई नसते,” आजोबा म्हणाले. “आगीला असते. वारा ढकलेल तिकडे ती धावते. सगळ्यांत वेगाने धावणारं टोक म्हणजे आगीचं डोकं. दोन्ही अंगांनी सावकाश पसरते त्या तिच्या कुशी. आणि जिथून सुरू झाली, ती मागची बाजू म्हणजे शेपूट. तिथे ती वाऱ्याच्या उलट सरकते, म्हणून रेंगाळते.”

“म्हणजे वांगं नाही, जनावर आहे.”

“जनावर नाही. पण आग विझवणारी माणसं एकमेकांपासून लांब असतात, धुरात काही दिसत नाही. ‘तिकडे जा’ म्हटलं तर तिकडे म्हणजे कुठे? ‘डाव्या कुशीवर जा’ म्हटलं की सगळ्यांना एकच जागा कळते. त्यासाठी ही नावं.”

आजोबा, म्हणजे डॉ. माणिकराव नैताम, आयुष्यभर वणव्यांचा अभ्यास करत आले होते. निवृत्तीनंतरही उन्हाळ्यात ते मनोऱ्यावर येऊन बसत. त्यांची मुलगी यमुना, म्हणजे सारजाची आई, याच जंगलात वनरक्षक होती. आत्ता ती टेकडीवर, आगीच्या डाव्या कुशीपाशी काम करत होती. तिच्याबरोबर झनकमामा होते, जंगलात आगीवर पाळत ठेवण्यात केस पिकलेले. आणि तिसरी होती टिटवी.

टिटवी म्हणजे सहा पायांचं, गुडघ्याएवढं यंत्र. पाठीवर पाण्याची पिशवी, पुढे हवेचा झोत सोडणारी नळी आणि मानेवर कॅमेरा. ज्वाळा दिसली की ती अशी काही किंचाळायची की झनकमामांनीच तिचं हे नाव ठेवलं होतं. ती आजोबांनी घडवली होती. शाळा सुटल्यावर सारजा तिच्याशी माइकवरून गप्पा मारायची, आणि टिटवी प्रत्येक गप्पेचा अर्थ विचारायची.

पडद्याच्या कोपऱ्यात टिटवीला दिसणारं दृश्य होतं. हवेच्या झोताने ती वाळका पाला उडवत होती. मागे मातीचा स्वच्छ पट्टा उघडा पडत होता.

“ही जाळरेषा,” सारजा म्हणाली. एवढं तिला माहीत होतं. (जाळरेषा म्हणजे जळण्याजोगं काहीही न ठेवलेला पट्टा. आग तिथवर येते आणि अडते.)

“का अडते?” आजोबांनी विचारलं.

“कारण आगीला तीन गोष्टी लागतात. उष्णता, प्राणवायू आणि इंधन.” (इंधन म्हणजे जळेल ते सगळं: गवत, पाला, काटक्या.) “यातली एक काढली की आग संपते.”

“मग आपण उष्णताच का काढत नाही?”

“टेकडीवर एवढं पाणी कोण नेणार? आणि हवा तर अडवताच येत नाही. उरलं इंधन.”

“बरोबर. आणि तू मघापासून विचारणार होतीस ते आता विचार.”

“तुम्हाला कसं कळलं? बरं, आग चढावर जास्त वेगाने का धावते? आपण तर चढावर दमतो.”

आजोबांनी खिशातून आगपेटी काढली. एक काडी पेटवून त्यांनी ज्योत वर राहील अशी सरळ धरली. ज्योत काडीवरून निवांत खाली सरकू लागली. ती विझवून त्यांनी दुसरी पेटवली आणि काडीचं पेटलेलं टोक खाली केलं. ज्योत सर्रकन काडीवर चढली. आजोबांनी बोटं भाजायच्या आत ती फुंकून टाकली.

“ज्वाळा वरच जाते. काडी वर असेल तर ज्वाळा तिला आधीच तापवून, सुकवून ठेवते. चढावरच्या गवताचं हेच होतं. आग पोचायच्या आधीच ते पेटायला तयार असतं.”

सारजा आणखी एक काडी मागणार होती, तेवढ्यात वॉकीटॉकी खरखरली.

“बाबा, वारा फिरला.”

आईचा आवाज शांत होता. पण आजोबा खुर्चीवरून उठले होते.

पडद्यावरचा केशरी डाग बदलू लागला. त्याचं फुगीर टोक, म्हणजे डोकं, जागीच थांबलं, आणि डावी कूस, जी इतका वेळ मुंगीच्या पावलांनी चालत होती, ती लांब होऊ लागली. चढाच्या दिशेने. आईच्या दिशेने.

“कुशीचं डोकं झालं,” सारजा पुटपुटली.

“यमू, वर निघा,” आजोबा म्हणाले. “माथ्यावर थंडीत जाळलेली रुंद जाळरेषा आहे. तिच्यापलीकडे जा.”

“झनकमामांचा पाय मुरगळलाय, बाबा. टेकवता येत नाही.”

मागून झनकमामांचा आवाज आला, “मले सोड अन् पळ तू! माह्या नादी लागू नको, पोरी!”

“गप बसा, मामा. घरी मामी मला भाकरी घालायची नाही,” आई म्हणाली. मग पुन्हा वॉकीटॉकीत, “बाबा, गवत कोरडं आहे, वर झाडी विरळ. मी ते करते. तुम्ही माळावर शिकवलं होतं ते.”

आजोबांनी क्षणभर डोळे मिटले. “कर,” ते म्हणाले. “लवकर कर.”

टिटवीच्या कॅमेऱ्यात आई दिसली. तिने आगपेटी काढली, वाकली, आणि आपल्या समोरच्या, चढाच्या बाजूच्या गवताला आग लावली.

सारजाला वाटलं, धुरामुळे आपल्याला भलतंच दिसतंय. “आजोबा! आई आग लावतेय! खाली एक आग आहे, ती वरही लावतेय! मग ती जाणार कुठे?”

“विचार कर. ती नवी आग कुठे जाईल?”

“वर. चढावर. आईपासून लांब.”

“आणि मागे काय ठेवून जाईल?”

सारजाच्या डोळ्यांसमोर चित्र उभं राहिलं. नवी आग गवत खात वर गेली. मागे राहिली राख. राखेत इंधन नाही. खालून मोठी आग येईल तेव्हा तिला तिथे खायला काहीच नसेल.

“आई जळलेल्या जमिनीवर जाऊन उभी राहणार!”

“उभी नाही, पालथी पडणार. जमिनीलगत हवा थंड असते, धूर कमी असतो. जे एकदा जळालं ते पुन्हा जळत नाही, सारजा. पण हे शिकलेल्या माणसाचं काम आहे. इतर कुणी केलं तर एका वणव्याचे दोन होतील.”

तेवढ्यात टिटवी किंचाळली.

“लहान आग दिसली,” तिचा बारीक आवाज मनोऱ्यात घुमला. “विझवते.”

आणि ती आईने लावलेल्या आगीकडे धावली. पाण्याचा फवारा सुटला. पेटलेल्या गवताचा एक तुकडा फुस्स झाला.

“टिटवी, थांब!” आजोबा माइकवर ओरडले.

“पहिला नियम. लहान आग ताबडतोब विझवावी. थांबण्याचं कारण?”

सारजाला हा नियम पाठ होता. चैत्रात मोहाची फुलं वेचायला माणसं जंगलात येतात. पाल्यात पडलेली फुलं दिसावीत म्हणून झाडाखालचा पाला पेटवून देतात, आणि ती आग कधीकधी हाताबाहेर जाते. टिटवीला शिकवलं होतं ते त्याच दिवसांत. मोहाखालची आग दिसली की धाव, विझव. शेकडो वेळा. लहान आग म्हणजे कुणाची तरी चूक, एवढंच टिटवी शिकली होती.

“कारण ती आग यमुनाने मुद्दाम लावली आहे,” आजोबा म्हणाले.

“मोहाखालच्या आगीही मुद्दाम लावलेल्या असतात,” टिटवी म्हणाली. फवारा चालूच होता.

“टिटवी, ती आग विझली तर यमुना... ती माझी...” आजोबा माइकवर वाकले.

“हे कारण माझ्या यादीत नाही.”

पडद्यावर आई हातात फांदी घेऊन टिटवीला हाकलत होती. ती ओरडत असावी, पण वणव्याच्या घोंघावण्यात तिचे शब्द टिटवीच्या कानापर्यंत पोचत नव्हते. खालची आग आता झाडांच्या फटींतून स्पष्ट दिसत होती.

आजोबांची बोटं कळफलकावर फिरू लागली. “तिला या आगीचं नावच शिकवलेलं नाही. नियम बदलायला वेळ लागेल...”

वेळ नव्हता. सारजाने माइक ओढून घेतला. टिटवीशी बोलायचं तर तिला ठाऊक असलेल्या शब्दांतच बोलायला हवं.

“टिटवी, थंडीत माथ्यावरची जाळरेषा जाळतात, तेव्हा तू ती आग विझवतेस का?”

“नाही.”

“का नाही?”

“तिथे गवत मुद्दाम संपवायचं असतं. मोठ्या आगीला पुढे खायला उरू नये म्हणून.”

“आत्ता मोठी आग कुठे आहे?”

“खाली. वर येते आहे.”

“आणि आई काय संपवतेय?”

फवारा थांबला.

“गवत,” टिटवी म्हणाली. “पण हा उन्हाळा आहे. उन्हाळ्यात जाळरेषा जाळायला हजर वनरक्षकाची परवानगी लागते.”

“तुझ्यासमोर कोण आहे?”

कॅमेरा वळला. काजळलेला चेहरा, उगारलेली फांदी.

“यमुना नैताम. वनरक्षक. त्या मला मारायला येत आहेत.”

“तीच परवानगी समज!”

“समजले,” टिटवी म्हणाली, आणि बाजूला झाली. मग तिने असं काही केलं जे तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिने हवेची नळी चढाकडे वळवली आणि आईने लावलेल्या आगीला मागून झोत दिला. विझत आलेलं गवत पुन्हा भडकलं, आणि आग सरसरत वर निघाली. मागे काळी जमीन रुंदावत गेली.

आईने फांदी टाकली. तिने झनकमामांना काखेत धरून राखेत ओढत नेलं. दोघं पालथी पडली. आईने बाटलीतल्या पाण्याने दुपट्टा भिजवला आणि दोघांच्या तोंडावरून घेतला. टिटवी त्यांच्या पायांशी सहाही पाय दुमडून बसली. मग धूर आला आणि पडद्याच्या कोपऱ्यातलं दृश्य काळं झालं.

आजोबा उभेच होते. सारजाने त्यांचा हात धरला. नकाशावर केशरी रंग त्या जागेवर येऊन भिडला. सारजा डोळे न मिटता बघत राहिली.

“आजोबा, बघा.”

केशरी रंग त्या काळ्या तुकड्याच्या कडेशी अडला. मग दुभंगला. अर्धा डावीकडून, अर्धा उजवीकडून, नदी खडकाला वळसा घालते तसा पुढे गेला. मध्ये एक छोटासा काळा तुकडा तसाच राहिला. वर, माथ्यावरच्या जाळरेषेशी जाऊन दोन्ही आगी थांबल्या.

वॉकीटॉकीवर बराच वेळ नुसती खरखर होती. मग कुणीतरी खोकलं.

“बाप्पा, नाकात राख गेली ना माह्या,” झनकमामा म्हणाले.

सारजा हसली आणि त्याच वेळी रडू लागली. आजोबा खुर्चीत बसले, अगदी सावकाश, जणू खुर्ची आहे की नाही याची त्यांना खात्री नव्हती.

संध्याकाळी दुसऱ्या तुकडीने सगळ्यांना खाली आणलं. झनकमामांना गाडीतून दवाखान्यात नेलं. आई मनोऱ्याच्या पायऱ्या चढून आली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर फक्त डोळे पांढरे होते. आजोबा दारात उभे होते.

“गवत किती उंच होतं?” त्यांनी विचारलं.

“गुडघ्याएवढं, बाबा.”

“राख निवायला किती वेळ लागला?”

“हात टेकवता आला, एवढी लगेच निवली.”

“हं,” आजोबा म्हणाले. त्यांनी खिशातला रुमाल काढून तिचं कपाळ पुसलं. रुमाल काळा झाला तरी ते पुसतच राहिले, आणि आईनेही चेहरा तसाच पुढे धरला.

मागून टिटवी खडखडत आत आली. तिची नळी वितळून वाकडी झाली होती.

“नोंद अपुरी आहे,” ती म्हणाली. “आजच्या आगीला जाळरेषा म्हणता येत नाही. जाळरेषेत माणसं झोपत नाहीत. तिचं नाव काय?”

आजोबांनी सारजाकडे पाहिलं. “तूच सांग. तूच ओळखलीस.”

सारजाने थोडा विचार केला. “सुटकेची आग,” ती म्हणाली. “म्हणजे, पळायला वाट नसताना स्वतःपुरती जळलेली जागा तयार करण्यासाठी लावलेली आग. फक्त शिकलेल्या माणसाने लावायची. आणि टिटवीने विझवायची नाही.”

“लिहिले,” टिटवी म्हणाली. “ही माहिती मेळघाटातल्या, ताडोबातल्या यंत्रांनाही पाठवू?”

“सगळीकडे पाठव,” आजोबा म्हणाले.

“पाठवली.” टिटवीचा कॅमेरा एकदा आजोबांकडे, एकदा आईकडे फिरला. “मला ठाऊक नसलेल्या आणखी किती आगी आहेत?”

“बऱ्याच आहेत,” आजोबा म्हणाले, आणि त्यांनी खुर्ची टिटवीजवळ ओढली. सारजा जमिनीवर बसली. आईने भिंतीला टेकून पाय पसरले, डोकं मागे टेकवलं, आणि लहानपणी ऐकायची तशी ती बाबांचा आवाज ऐकू लागली.