सोडली म्हणेपर्यंत

जेवणे आटोपून पिपरी मेघेतल्या घराच्या गच्चीवर अंथरुणे पडली, तेव्हा वासुदेवरावांनी नागसेनची ही हकीकत सांगितली. ऐकायला त्यांची भाचरे होती, चारुता आणि अभिराम.

"भूत दिसलं का त्याले, मामा?" अभिरामने सुरुवातीलाच विचारले.

"त्याले नाई दिसलं," वासुदेवराव म्हणाले. "म्हनून तं तो घरी आला."

नागसेन हा त्यांच्या कचेरीतला कारकून, राहणारा सिंदी मेघेचा. त्याच्या घरी भुतेखेते मानत नाहीत. त्यामुळेच, वासुदेवरावांच्या मते, त्याच्या साक्षीला वजन होते.

गेल्या वर्षीच्या सप्टेंबरातला शेवटचा शनिवार. दिवेलागणीला नागसेन वडिलांचा डबा घेऊन केळझरपलीकडच्या तलावावर गेला. वडील, चिंधूजी, निवृत्तीनंतर मासेमारीत रमले होते. ही विद्या त्यांना अण्णाजी ढिवरांनी शिकवली. दोघे नेहमी जोडीने अण्णाजींची होडी पाण्यात लोटत. अण्णाजी त्या उन्हाळ्यात तापाने गेले, आणि चिंधूजी एकटेच ट्रकच्या ट्यूबवर बसून जाळी पाहायला जाऊ लागले. नागसेनने त्यांच्यासाठी हवा भरायची रबरी होडी आणली होती. "हे खेळनं तुह्या पोरीले दे," असे म्हणून त्यांनी ती काठावरच्या झोपडीत टाकून दिली होती.

काठावर वडील नव्हते. वारा सुटला होता, आणि भरलेल्या तलावाच्या लाटा मुरमावर आदळत होत्या. तेवढ्यात फोन वाजला.

"ट्यूब फुटली रे. मंधातल्या टेकडीवर अडकलो. नाल्याले पूर आहे, पानी वाढून राह्यलं... घोट्याले लागलं."

"थांबा बाबा, होडी घेऊन येतो."

"एकटा लोटू नको. मांगून कोनी धरल्याबिगर..."

फोन बंद पडला.

लाटांमधून होडी लोटायला माणसे दोन लागतात. एक जण आत गुडघ्यांवर बसून, तोंड पुढे ठेवून वल्हे मारतो. दुसरा कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून होडीचा मागचा काठ दोन्ही हातांनी धरतो आणि तिचे नाक लाटेसमोर सरळ ठेवतो. लाटा मागे पडल्या की तो ओरडतो, "सोडली!" हा शब्द उच्चारल्याशिवाय हात काढायचा नाही, ही अण्णाजींची शिस्त. ती त्यांनी कधीही मोडली नव्हती.

गावात जाऊन माणूस आणण्याइतका अवधी नव्हता. नागसेनने पंपाने हवा भरली, होडी पाण्यात ओढली आणि उडी मारली. लाटेने ती आडवी केली आणि पाण्याने भरून काठावर फेकली. त्याने ती उपडी करून रिकामी केली, पुन्हा लोटली. पुन्हा आडवी. टेकडीवर वडिलांची बॅटरी दिसत होती. पाण्यातले तिचे प्रतिबिंब तिला जवळजवळ भिडले होते.

तो पुन्हा शिरला. लाट आली. होडी वळू लागली...

आणि थांबली. सरळ झाली. मागून कोणीतरी घट्ट धरली होती.

"कोन आहे?"

लाट होडीखालून निघून गेली. दुसरी गेली. त्याने वल्हे मारले. विचार करायला वेळ नव्हता. लाटा मागे पडल्या. तो शब्द ऐकू येईल म्हणून त्याने कान दिला.

शब्द आला नाही.

टेकडीवर चिंधूजी गुडघाभर पाण्यात उभे होते. ते चढले आणि नागसेनकडे तोंड करून पुढे बसले. बॅटरीचा झोत त्याच्या खांद्यावरून मागे गेला. तिथेच थबकला.

"बाबा?"

"मांगं पाहू नको."

"काऊन?"

"...वल्हं मार."

त्याने वल्हे मारले. मध्यावर होडी अडली. जोर लावला. हलेना. वाराही नव्हता आता. पाणी स्थिर. फक्त मागचा काठ... जरासा दबलेला.

चिंधूजींनी बॅटरी विझवली.

"अण्णाजी," ते हलकेच म्हणाले. "पोरगं पोचलं मह्यापाशी. आता सोड."

होडी तशीच अडलेली.

"सोड ना गा..."

बराच वेळ गेला. मग होडी आपसूक पुढे सरकली.

वासुदेवराव थांबले.

"मंग सोडलं ना त्यानं?" अभिरामने विचारले.

"बापलेक काठाले लागले, एवढं खरं. होडी आता सिंदी मेघेत नागसेनच्या पडवीत आहे. मी परवाच पाह्यली. मांगच्या काठावर दहा खळगे आहेत. बोटांचे."

"हवा कमी असंन, मामा," चारुता म्हणाली. "रबर दबलं असंन."

"मह्यासमोर भरली त्यानं. टणक झाली दगडासारखी. म्या सोता खळग्यांत बोटं घालून पाह्यली."

"मंग?"

वासुदेवरावांनी आपले दोन्ही तळवे अंथरुणावर पालथे ठेवले, आणि लगेच उचलले.

"खळगे अजून ओले होते."