खालून टाकलेला आकडा

विषय : पर्यटक बोटीवरील चार बॅटऱ्या रोज रात्री उतरण्याबाबत.
संदर्भ : बोटीचा राखणदार सुगत याचे तीन अर्ज.

पोट्टेहो, सुगत आपल्या ओळखीतला. थापा मारणारा नाही. तेवढी कल्पनाशक्ती असती तर सरकारी कंत्राटावर राहिला नसता.

अचलपूरच्या पुढे एका धरणावर मुक्कामाची बोट आणली होती. तिच्यावरचे दिवे, पंखे, पाण्याचा पंप, सगळं चार बॅटऱ्यांवर. सुगत दिवसभर किनाऱ्यावरच्या लाइनीवर त्या चार्ज करायचा, डिस्टिल्ड वॉटर घालायचा, टर्मिनलवरचा पांढरा थर घासून काढायचा. संध्याकाळी भरलेल्या, सकाळी मेलेल्या; बोटीवर पाहुणा नसला तरी. नव्या बॅटऱ्या मागितल्या, तर कार्यालयानं विचारलं, जुन्यांचं काय झालं? नवा चार्जर मागितला, तर विचारलं, बॅटऱ्याच उतरतात तर चार्जर कशाला? तिसऱ्या अर्जावर साहेब स्वतःच आले.

“सुगत, करंट कोणाले विकून राहिला?”

“धरणात कोणाले विकू साहेब? मासोळ्यायले?”

“उद्या नऊ वाजता येतो. बॅटऱ्या उतरल्या दिसल्या, तर तुयं कंत्राट संपलं.”

त्या रात्री, गुरुवार, सोळा जानेवारी २०२५, सुगत बोटीवरच थांबला. अमावस्या नव्हती, उगाच वाढवून सांगत नाही. त्यानं बॅटऱ्यांच्या सगळ्या वायरी सोडवून बाजूला ठेवल्या. आता करंट जाईल कुठं?

दोन वाजून दहा मिनिटांनी त्यानं टॉर्च मारला.

टर्मिनलवर आकडे लटकत होते. खांबावरच्या तारेवर चोरून टाकतात, तसे. गंजलेले. त्यांच्या तारा खिडकीतून बाहेर... खाली... पाण्यात.

त्यानं वाकून पाहिलं.

पाण्याखाली उजेड होता. पिवळा. एक दिवा नाही... रांग. घरांची असते तशी.

सुगत आधी चिडला, भ्याला नंतर. हिसका देऊन त्यानं आकडे काढले. खालचा उजेड गेला.

मग पाण्यातून, अगदी बोटीला लागून...

“लाइन कावून काढली?”

म्हातारीचा आवाज. रागाचा नाही. वाट पाहून कंटाळलेला.

सुगतनं आकडे परत लावले.

सकाळी आकडे नव्हते, तारा नव्हत्या. बॅटऱ्या मेलेल्या. नऊ वाजता कंत्राट संपलं; कार्यालयातलं तेवढं एकच काम वेळेवर झालं.

धरणात गेलेल्या टेंभरगावचे नत्थुजी त्याला इतकंच म्हणाले, “बापू, आमच्या गावात खांब गाडले होते. लाइन येते येते म्हणता धरणच आलं.”

सुगतनं चौथा अर्ज केला. बॅटऱ्यांचा नाही, नोकरीचाही नाही. बुडीत टेंभरगावास वीजजोडणी मिळण्याबाबत. दिला तेव्हा खाली त्याची एकट्याची सही होती. आवक नोंदवहीत चढवताना बाबूनं उलटून पाहिलं, तर सहीखाली एकोणतीस अंगठे. शाईचे नाहीत. गाळाचे.

फाइल कपाटात आहे. अंगठे अजून वाळलेले नाहीत.

अर्ज प्रलंबित आहे.