आधी मोज, मग घाबर

"एकटीच खातेस? माईकवरून जाहीर करीन हं!"

अमिषा दचकली आणि तळहातावरची ग्लुकोजची पावडर भुर्रकन उडाली, ती थेट बोलणाऱ्याच्या ओठावर. बघते तर — तोच! संध्याकाळपासून माईकवर अखंड बडबडणारा, बारावीतला निकेत. आणि आता पांढऱ्या मिशीचा.

एरवी ती खो खो हसली असती. पण आत्ता... मानेवरून घाम ओघळत होता, छातीत कुणीतरी ताशा बडवत होतं. तिकडे मुलींच्या कबड्डीचा अंतिम सामना, मध्यंतर झालेलं, आणि गावाची हुकमी चढाईपटू, म्हणजे ती स्वतः, पाय मुरगळल्याची थाप मारून मिठागराच्या बांधावर लपलेली! आज खेळली नाही तर पुन्हा मैदानात उतरायची हिंमत होणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

"शुगर लो झालीय," ती कशीबशी म्हणाली. "डायबेटीस आहे मला. सांगू नकोस कुणाला."

"नाही सांगत. किती आहे?"

"मोजली नाही. न मोजता कळतं मला."

"भारीच की! मग मशीन काय शोभेला आणलंस?" पिशवीतून डोकावणाऱ्या डबीकडे त्याने बोट दाखवलं.

अस्सा राग आला तिला! नववीत शुगर उतरून ती भर वर्गात कोसळली होती. तेव्हापासून छाती जरा धडधडली की आधी साखर तोंडात. मग शुगर चढायची, मग आणखी धडधड. दवाखान्यातल्या मॅडम दर वेळी सांगायच्या, 'अगं, नुसतं घाबरल्यावरही अस्संच होतं. आधी मोज, मग घाबर.'

याला दाखवायचंच म्हणून तिने बाटलीतल्या पाण्याने हात धुऊन बोट टोचलं. आकडा आला... एकशे बेचाळीस.

"लो?"

"...न्हाय."

"मग?"

"मग मी... नुसतीच घाबरलेय." म्हणता म्हणता तिलाच नवल वाटलं.

"एवढंच ना? मी तर माईक हातात आला की कायम घाबरतो. म्हणून तर थांबत नाही बोलायचा!"

तिला फिस्सकन हसू आलं. "श्वास हळूहळू सोडायचा असतो म्हणे. नाही जमत मला."

"मग चढाईत काय करतेस?"

ती थबकली. डोळे मिटले. कबड्डी-कबड्डी-कबड्डी... हळू आवाजात, श्वास संपेपर्यंत. पुन्हा एकदा. तोही सोबत म्हणू लागला आणि अर्ध्यातच ठसकला. ताशा दूर दूर गेला — खाडीपलीकडच्या वरातीत वाजावा तसा.

"अमिषा गो! पाय बरा हाय का?" कर्णधार केसर धावत आली. "सहा गुणांनी मागं हाव आपण!"

"पायाला काय झालंच न्हाय, केसरताय. मना डायबेटीस हाय. आन मी घाबरलेली."

केसरने डोळे मोठ्ठे केले. "मंग? आता खेळतेस का न्हाय?"

"खेळते!"

आणि खेळली! शेवटच्या चढाईला एकच गुण कमी होता. मध्यरेषा ओलांडली न् पुन्हा तो ताशा, तो घाम. 'आलास? ये,' ती मनात म्हणाली. 'मोजलंय तुला.' ओठांवर कबड्डी-कबड्डी सुरूच.

"अमिषा आत... डावा कोपरा टिपला! अरे, घोटा धरला... पडली... सरकतेय..."

आणि माईक गप्प. संध्याकाळपासून पहिल्यांदाच निकेतला शब्द सापडेना. तिची बोटं लांबली, ताणली आणि रेषेला टेकली. दोन गुण! सामना खिशात!

मैत्रिणींच्या मिठ्यांतून सुटून ती माईकच्या टेबलाशी आली. सगळ्यांदेखत बोट टोचलं. एकशे अठरा.

"तू पडलीस ना, तेव्हापासून माझी धडधड थांबत नाहीये," निकेत पुटपुटला. "माझीही मोज ना."

"माझी सुई दुसऱ्याला चालत नाही."

"मग मला काय झालंय ते... कसं कळणार?"

तिने उरलेली ग्लुकोजची पुडी त्याच्या तळहातावर ठेवली. कान तापले होते, पण नजर काही तिने खाली घेतली नाही.

"हे मात्र न मोजता कळतं. मलाही तेच झालंय."

आख्ख्या मैदानातून शिट्ट्या उठल्या. माईक... चालूच होता!

निकेत टेबलाखाली जागा शोधू लागला. अमिषाने माईक उचलला, एक लांब श्वास सोडला.

"ऐकलंत ना सगळ्यांनी? शुगर एकशे अठरा! बाकीचं आमचं आम्ही बघू."