लांडग्यांचा दिवा

आधी तो मोबाइल पालथा घाल, कुनझेस. हं. आता या सगळे बुखारीच्या शेकाजवळ. ढग आलेत, आज दुर्बीण उघडायची नाही. तारे दाखवायचं शिकायला आलात ना? मग आधी उजेड आवरायला शिका. शनी कुठे पळून जात नाही.

खालच्या वळणावर आपण गाडीचे दिवे का मालवतो, असं विचारत होतीस. बाहेरच्यांना सांगतात की पाटी लावलीय म्हणून. पाटी आधीही होती. पाट्या वाचून माणसं शहाणी झाली असती, तर मला ही गोष्ट सांगावी लागली नसती. रिगझिनने मला सांगितली तशी सांगतो. पदरचं काही घालत नाही.

रिगझिनची थोरली बहीण यांगडोल. सगळं ल्हारुंग तिला आचे, म्हणजे ताई म्हणायचं, तिच्याहून म्हातारी माणसंसुद्धा. गावातली पहिली दुर्बीण तिच्या हातात आली, तेव्हा लोक हसले. मेंढ्या हरवतात हिच्या, आणि ही तारे मोजतेय म्हणाले. तिने एकेकाला धरून शनी दाखवला. तिची आजी बराच वेळ काचेला डोळा लावून होती, मग म्हणाली, "याला कडं कुणी घातलं गं?" त्यानंतर कुणी हसलं नाही.

पाहुणे यायला लागले. त्यांच्या हातात टॉर्च. अंधाराला सरावलेल्या डोळ्यांवर पांढरा उजेड पडला की अर्धा तास काही दिसत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. आचे एकदा गोड बोलून सांगायची. दुसऱ्यांदा सांगायची नाही. सरळ जाऊन डावा तळहात टॉर्चवर ठेवायची. उजेड मांसातून लाल होऊन बाहेर पडायचा, आणि लाल उजेड डोळे बिघडवत नाही. तिची डावी करंगळी मात्र लहानपणी हिमवादळात अर्धी झडली होती. तेवढ्या जागेतून पांढरी चीर सुटायची. ती म्हणायची, "करंगळी थंडीने खाल्ली, तिथून गळतो थोडा. चालवून घ्या."

शेजारी नामग्याल. त्याने गावाखाली कॅम्प टाकला, काचेच्या छपरांचे तंबू, आणि भोवती खांबांवर मोठमोठे दिवे. तारे दाखवायला दिवे लावणारा माणूस. जीपच्या टपावरही दिव्यांची रांग. आचेचं आणि त्याचं रोज वाजायचं. ती त्याला आचो, म्हणजे दादा म्हणायची.

"आचो, लोक इथे अंधारासाठी येतात."

"अंधार फुकट मिळतो, यांगडोल. मी पैसे उजेडाचे घेतो."

ऑक्टोबर संपत आला होता. आचे रात्री पाहुण्यांना निरोप देऊन घरी निघाली. चार तास अंधारात राहिलेले डोळे, ताऱ्यांच्या उजेडात वाट दिसत होती तिला. वळणावर समोरून जीप आली, टपावरचे सगळे दिवे लावून. सकाळी आचे खाली ओढ्यात सापडली. वरून साहेब आले, बर्फावर पाय घसरला असं लिहून गेले. ऑक्टोबरात त्या वळणावर बर्फ कुठला? नामग्याल म्हणाला, मी दिवस बुडायच्या आत घरी होतो. पलीकडच्या डोंगरावरच्या मेंढपाळाने रात्री तो उजेड पाहिला होता. अख्ख्या गावाला ठाऊक होतं. पण अर्ध्या गावाची चूल त्या कॅम्पवर पेटते, मग सगळे मूग गिळून बसले. थू.

आता ती रात्र. गेल्या डिसेंबरातली, गालदान नामचोटच्या सणाची. घराघरांच्या गच्चीवर लोण्याचे दिवे लागलेले. त्याच दिवशी आचेला जाऊन एकोणपन्नास दिवस झाले. आपल्यात एकोणपन्नासाव्याला जीव पुढच्या वाटेला लागतो. लामा पूजा करून गेले, आमाला म्हणाले, मुलगी वाटेला लागली, आता रडू नकोस. आमाने डोळे पुसले आणि लोण्याचा एक दिवा रिगझिनच्या हातात दिला.

"वळणावर ठेवून ये. आणि रेंगाळू नकोस, थुक्पा गार होतो."

"आलोच," तो म्हणाला.

त्याच्या गोन्चेच्या झग्याखाली, कमरेला, दुसराही दिवा होता. मेंढ्यांच्या वाड्यावर लांडगा आला की आपण त्याच्या डोळ्यांत मारतो तो, हातात धरायचा मोठा. नामग्याल सकाळीच न्योमाला डिझेल आणायला गेलाय आणि रात्री एकटाच परतणार, हे रिगझिनला माहीत होतं. जीप वळणाच्या काठावर आली की लांडग्यांचा दिवा सरळ त्याच्या डोळ्यांत मारायचा. तिचं जसं केलं तसं त्याचं. एकोणपन्नास दिवस पोरगा नीट झोपला नव्हता, जेवताना दात खायचा. मला विचाराल तर त्याचा राग खोटा नव्हता.

आमाचा दिवा त्याने दगडाच्या आडोशाला ठेवला. वाऱ्याने तो लगेच विझला. पुन्हा लावायला आगपेटी होती त्याच्याकडे, पण लावला नाही. खडकामागे बसला. अंधार हळूहळू डोळ्यांत भरला. वर कृत्तिका होत्या. आचेने त्याला पहिल्यांदा शिकवलं ते त्यांच्यावरच. जे अंधुक आहे त्याच्याकडे सरळ बघू नये, रिगझिन. शेजारी बघ. मग ते आपसूक दिसतं.

तो कृत्तिकांच्या शेजारी बघत होता, तेव्हा त्याला दिसलं.

खाली रस्त्यात कुणीतरी उभं होतं.

त्याने सरळ बघितलं. रस्ता रिकामा.

नजर पुन्हा वर नेली. ...होतं. तिथेच होतं.

गार वाऱ्याने डोळ्यांत पाणी आलं असेल, असं त्याने मनाला सांगितलं. डोळे पुसले. मग, बघायचं नव्हतं तरी, शेजारच्या दगडाकडे बघितलं. ...ते पुढे आलं होतं.

ओढ्याकडे बघितलं. आणखी पुढे.

आता त्याने मान खाली घातली. स्वतःच्या बुटांकडे बघत राहिला. तोंडातून वाफ निघत होती. त्याच्या एकट्याच्या. आणि बुटांच्या शेजारी, नजरेच्या कडेला... दोन पाय.

 

मग खालून इंजिनाचा आवाज आला.

डोंगर उजळला. टपावरचे सगळे दिवे. जीप चढ चढून वळणाच्या काठावर आली. रिगझिन उठला. अंगठा बटणावर.

"आचे, बाजूला हो," तो दातांतून म्हणाला.

बटण दाबलं.

...लाल.

दिवा लागला होता. पण लाल. खडक लाल, रस्ता लाल. आणि एका जागेतून पांढरी चीर, सरळ जीपच्या काचेवर.

त्याने दिवा हलवला. लाल. काचेवर काही बसलंय का म्हणून त्याने हात पुढे नेला... आणि काचेला लागायच्या आधीच बोटं कशाला तरी लागली.

गार. मऊ.

हात...

जीप करकचून थांबली. नामग्याल शिव्या देत उतरला. "कोण रे तो? मरायचंय का?" मग त्याला ती चीर दिसली. गावात कुणाला ओळखू येणार नाही ती? तो जागच्या जागी थांबला.  नुसतं इंजिन.

"आचे..." तो म्हणाला. "...मी दिवे मालवणार होतो. बटणाकडे हात नेला होता."

त्याने वळून टपावरच्या दिव्यांकडे बघितलं.

"नाही," नामग्याल म्हणाला. "नव्हतो मालवणार. तुझा हात वर झालेला दिसला मला. रोज थांबवतेस, म्हटलं आज नाही थांबत. बाजूला होशील वाटलं... आचे, तू बाजूला का नाही झालीस..."

रिगझिन खडकामागून बाहेर आला. त्याचा गळाच धरणार होता तो. दोन पावलं टाकली असतील.

टपावरचा डावीकडचा दिवा लाल झाला. मग विझला. त्याच्या शेजारचा. मग पुढचा. घाई नाही... एकेक करून. सगळी रांग. मग खालचे दोन.

इंजिन चालूच होतं.

काळोख. दोघांचे श्वास. आणि वळणाच्या काठावर, जिथे कुणीही सरळ बघत नव्हतं, तिथे...

असो.

सकाळी नामग्यालने स्वतःच्या हाताने कॅम्पचे खांब उपटले आणि लेहला जाऊन सगळं सांगितलं. खटला चालू आहे. लोक म्हणतात, बहिणीने भावाला पापातून वाचवलं. म्हणू देत. मला तसं वाटत नाही. ती दोघांवरही चिडली होती. उजेड ज्याच्या हातात, त्याच्यावर ती चिडते. रिगझिनने नामग्यालला माफ केलेलं नाही, आणि मीही नाही. आमाला मात्र गावात कुणीच हे सांगितलं नाही. मुलगी वाटेला लागली, असंच तिला वाटतंय.

तो दिवा रिगझिनने दुसऱ्या दिवशी माझ्याकडे आणून दिला. घरात नको म्हणाला. बल्ब बदलून झाला. बॅटरी बदलून झाली. लेहला नेऊन काचही नवी बसवली. तिथे तुझ्या डोक्यावर, खुंटीला आहे तो. काढ. भिंतीवर मार, कुणाच्या डोळ्यांवर नको.

...हं. लाल. आता खाली कोपऱ्यात बघ. दिसली चीर?

नाही, कुनझेस. काचेकडे हात नेऊ नकोस.