तांब्याच्या गावातलं पाणी

नमुना तिसऱ्यांदा तपासला, तरी उत्तर तेच आलं. पाण्यात दोष नाही. विभावरी सूक्ष्मदर्शकावरून डोळे काढून ते चोळत बसली. झांबियातल्या या खाणीच्या गावात घरोघरी राखणजीवांच्या, म्हणजे पाणी राखणाऱ्या सूक्ष्मजीवांच्या, टाक्या तिनेच बसवल्या होत्या, आणि तिचेच वडील जुलाबांनी अंथरुणाला खिळले होते. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. तिला आता कशाचाच राग येत नव्हता, फक्त झोप हवी होती.

"टाकीतले राखणजीव धडधाकट आहेत," ती सहकारी म्विला यांना म्हणाली. "ते रोगजंतूंना मारत नाहीत, पण वाढूही देत नाहीत. मी तेच पाणी पिते, मला काही होत नाही. मग अण्णांनाच का?"

"ते टाकीतलं थेट पितात?"

"छे! रात्री तांब्याच्या भांड्यात भरून ठेवतात, सकाळी उपाशीपोटी पितात. जन्माची सवय. तांब्यात जंतू मरतात ना!"

"तुमच्याकडचे मरत असतील," म्विला म्हणाले. "इथले पिढ्यान् पिढ्या खाणीच्या पाण्यात, तांब्यातच वाढलेत. त्यांना तांब्याचं काय? पण तुमचे राखणजीव कुठले?"

"पुण्याच्या प्रयोगशाळेतले..." म्हणता म्हणता ती थांबली. भांड्यात रात्रभर मरत होते ते राखणदार. चोरांना रान मोकळं झालं होतं.

घरी येऊन तिने भांडं उचलून माळ्यावर टाकलं आणि स्टीलच्या पेल्यात मीठ-साखरेचं पाणी कालवून अण्णांना घोट घोट पाजलं. मग सगळं समजावून सांगितलं.

"म्हणजे हात दाखवून अवलक्षण केलं म्हण की मी," अण्णा क्षीण आवाजात म्हणाले. मग त्यांनी डोळे उघडले. "विभा, अगं, मग त्या बाटल्या? संक्रांतीला वाण म्हणून वाटल्यास त्या?"

तिने पेला खाली ठेवला. अण्णांनी तिच्याच सांगण्यावरून पिशवी भरून तांब्याच्या बाटल्या आणल्या होत्या, आणि गावातल्या प्रत्येक मराठी बाईला तिने हळदीकुंकू लावून त्या हौसेने दिल्या होत्या. परमुलखात चांगलं पाणी प्या, असंही वर सांगितलं होतं. स्वतःची तिला शरम वाटली. तिने फोन हातात घेतला आणि पहिला पल्लवी नेर्लेकरला लावला.

"अगं, तुझी रोज आठवण निघते!" पल्लवी म्हणाली. "बाळाच्या दुधाची पावडरसुद्धा मी तुझ्याच बाटलीतल्या पाण्यात कालवते."

"पल्लवी, बाळ कसं आहे?"

"बरंय गं. पोट तेवढं बिघडलंय चार दिवस. दात येतायत ना!"