आहेराला मर्जी कसली?

"अंगठा ठेवा, घाई करू नका," डॉ. हेमलता दाभाडे म्हणाल्या.

मिरजेतल्या त्या थंडगार प्रयोगशाळेत कुमुद शेटेने फोनच्या काचेवर अंगठा टेकवला. समोर वाफाळता चहा होता आणि त्याचे दहा रुपये द्यायचे होते. काच हिरवी झाली.

"आता ही घ्या." डॉक्टरांनी कान तुटलेली एक बरणी पुढे सरकवली. "शंभर रुपये."

"ह्या बोडकीचे शंभर?"

"द्यावेच लागताहेत असं समजा."

कुमुदने अंगठा टेकवला. काच लाल झाली आणि अक्षरं उमटली : मर्जी आढळली नाही.

कुमुदला हसू आलं. गेल्या दोन महिन्यांत ती हसलीच नव्हती म्हणा ना. सांगलीत तिचं आहेराचं दुकान होतं, नवऱ्याने सुरू केलेलं, आता ऑनलाइन. लग्न असो, बारसं असो, वास्तुशांत असो, साडी, खण, टॉवेल-टोपी आणि वर नारळ, सगळं बांधून घरपोच. नवरा गेल्यावर बावीस वर्षं तिने ते एकटीने रेटलं. शेडमध्ये सतरा बाया पॅकिंग करायच्या, आणि त्या सतरा चुली ह्याच दुकानावर पेटायच्या. पण हल्ली चोरांनी उच्छाद मांडला होता. तिच्या दुकानात पैसे भरताना लोकांची खाती साफ होत होती, आणि गिऱ्हाईक घाबरून पळत होतं. दुकान वाचवायचं तर पैसे भरायची पक्की सोय हवी होती.

"ओटीपी लावला, चेहरा लावला, आवाज लावला," तिच्याबरोबर आलेला, पेमेंट गेटवे जोडून देणारा नझीम मुजावर डॉक्टरांना म्हणाला. "सगळ्याची नक्कल होते. आता तर चोर नक्कल करायचेही कष्ट घेत नाहीत. म्हाताऱ्या माणसाला फोनवर धमकावतात आणि त्याच्याच बोटाने पैसे काढतात. खरा माणूस, खरं बोट. कुठलं कुलूप लावणार?"

"म्हणून मी बोट ओळखतच नाही, मर्जी ओळखते," डॉक्टर म्हणाल्या. "माणूस मनापासून काही करतो, तेव्हा काच दाबण्याच्या अर्धा सेकंद आधी बोटातलं रक्त एका लयीत सैलावतं. दडपण असेल तर आखडतं. ही लय ठरवून आणता येत नाही, कारण आपण ठरवायच्या आधीच ती येऊन जाते. ह्याला आम्ही मर्जीवेध म्हणतो."

"म्हणजे मनात नसेल तर पैसे जाणारच नाहीत?" कुमुदने विचारलं.

"ब्रह्मदेव आला तरी नाही."

"बसव रे बाबा," ती नझीमला म्हणाली. "कटकट मिटू दे एकदाची."

नझीमने चार दिवस खपून मर्जीवेध जोडला. पहिल्या आठवड्यात एकही चोरी झाली नाही. दुसरंही काही झालं नाही. शंभर गिऱ्हाइकांनी आहेर निवडला, पत्ता भरला, अंगठा टेकवला, आणि त्यातल्या शहाण्णवांची काच लाल झाली.

मग फोन सुरू झाले. कुपवाडची एक बाई तर रडायलाच लागली. "अहो, नणंदेच्या बारशाचा आहेर भरत होते मी! आणि फोन नणंदेच्याच हातात होता! 'मर्जी आढळली नाही' हे तिनेच वाचलं की हो मोठ्याने. आता मी कुठल्या तोंडाने जाऊ बारशाला?"

कुमुदने तिची समजूत काढली, पुढचीची काढली, त्याच्या पुढचीची काढली. दुपारपर्यंत तिच्या घशाला कोरड पडली. शेवटी तिने डॉक्टरांना फोन लावला. "अहो, तुमचं यंत्र बिघडलंय."

"तपासलं मी. यंत्र बरोबर आहे," डॉक्टर म्हणाल्या. "कुमुदताई, आहेर मनापासून कोण देतं?"

"आहेराला मर्जी कसली आलीय? त्यांनी दिला म्हणून आपण द्यायचा! नाही दिला तर लोक शेण घालतील तोंडात."

"तेच तर. यंत्राच्या लेखी धमकी ती धमकीच. मग ती चोराची असो नाहीतर लोकांची."

बावीस वर्षं आपण लोकांच्या मनात नसलेल्या वस्तू बांधून पाठवल्या, हे कुमुदला कुणी असं तोंडावर सांगितलं नव्हतं. तिला राग आला, आणि रागावायलाही त्राण उरलं नव्हतं. "मग काढा ते," ती म्हणाली. "जुनं परत लावते. चोर परवडले."

"त्यासाठी मालकाचा अंगठा लागेल, आणि मालकाची मर्जीही. नाहीतर चोर आधी तुम्हालाच धमकावून कुलूप काढायला लावेल."

एवढंच ना! नझीमने शेडमध्येच आपल्या फोनवर पान उघडून दिलं. कुमुदने अंगठा टेकवला. लाल. पुन्हा टेकवला. लाल.

"मन लावून दाबा की, काकू," नझीम म्हणाला.

"अरे, मन लावूनच दाबतेय!" तिने हात धुतले, देवाचं नाव घेतलं, डावा अंगठा लावून बघितला. काच लालची लाल. बाया पॅकिंग सोडून भोवती गोळा झाल्या.

"दुकान पुन्हा चालू व्हायला हवंय ना तुम्हाला?" डॉक्टरांनी अजून चालूच असलेल्या फोनवरून विचारलं.

"हवंच आहे की! सतरा बाया आहेत माझ्या."

"बायांचं नाही विचारलं मी. तुमचं विचारलं."

कुमुद खोक्यांच्या थप्पीवर मटकन बसली. तिला नको होतं. किती वर्षांपासून नको होतं हेही तिला सांगता आलं नसतं. जिला ती माया समजत होती ती नुसती सवय होती, आणि सवयीपेक्षाही जास्त लोकलाज. नवऱ्याचं दुकान बुडवलं असं कुणी म्हणू नये, एवढंच. तिचं दुकान हा तिनेच दिलेला सगळ्यात मोठा आहेर होता.

"वहिनी, आता आमचं कसं व्हायचं?" सुभद्रा कांबळे म्हणाली. चौदा वर्षं पॅकिंगवर होती ती. खणाची घडी जरा वाकडी पडली तर दुसरीच्या हातातून ओढून घेऊन पुन्हा घालायची. सुट्टीच्या दिवशीही काहीतरी निमित्त काढून शेडमध्ये यायची, आणि कुमुद तिला वेड्यात काढायची.

"सुभद्रा, तुला हवंय का गं हे दुकान?"

"आवं, काय बोलताय वहिनी! मी कुठं, दुकान कुठं?"

"हवंय का ते सांग."

सुभद्राचे कान लाल झाले.

"नझीम, मालकी बदलायचं पान काढ. कागदपत्रं वकील बघेल नंतर."

"काकू, जरा विचार करा..."

"केला. काढ."

आधी सुभद्राचा अंगठा लागायचा होता. तिने तो पदराला पुसला आणि भीत भीत टेकवला. हिरवी. मग कुमुदची पाळी. आता तरी आखडेल, तिला वाटलं. बावीस वर्षं आहेत ही, नवऱ्याची आठवण आहे, काहीतरी आखडेलच. तिने अंगठा पुढे नेला, आणि तो काचेला लागतो न लागतो तोच सगळी काच हिरवीगार झाली.

"निदान ह्याला तरी लाल व्हायचं होतंस गं," कुमुद फोनला म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते.

नव्या मालकिणीने मर्जीवेध काढायचं बटण दाबलं. तिला दुकान हवं होतं, म्हणून पहिल्याच दाबाला निघालं. पाच मिनिटांत तासगावहून डोहाळजेवणाच्या आहेराची ऑर्डर आली. बाया धावल्या, सुभद्रा ओरडून कुणाला तरी खण बदलायला सांगू लागली.

कुमुद उठली, चपला घातल्या आणि कितीतरी वर्षांनी दुपारच्या जेवणाच्या वेळेला जेवायला घरी गेली.