हिरव्या ढालीचं फूल

भिंगवाल्यांची नि माझी पहिली भेट झाली, ती मी त्यांना नखशिखान्त भिजवूनच. आमच्या रोपांच्या काचघरात कुणी आहे हे मला काय ठाऊक! मी आपला नळ सोडला, वरचे फवारे सुरू झाले आणि कुंड्यांच्या आडून आवाज आला, "अहो... अहो, बंद करा!"

"आत येताना हाक मारावी माणसाने," मी म्हटलं. चूक माझीच होती, पण कबूल कोण करतंय?

"मारली होती. तुम्ही गात होतात." चष्म्यावरून पाणी निथळत होतं, गळ्यात दोरीला बांधलेलं भिंग लोंबत होतं आणि स्वारी हसत होती. "आणि फार बेसूर गात होतात हं."

त्या दिवसापासून तो भिंगवाले आणि मी फवारेवाली.

तो मोठ्या वनस्पती-उद्यानातून आला होता, बाबांचं स्लिपर ऑर्किड बघायला. सपातेच्या पुढच्या भागासारखी फुगीर पाकळी असते ना, ते फूल. त्यातली एक हिरवी जात जंगलातून नाहीशी होत आली होती. उद्यानात एकच झाड उरलेलं, तेही म्हातारं, शेंग न पेलवणारं. त्याचा शेवटचा पराग त्यांनी थंड पेटीत जपून ठेवला होता. तो लावायला त्याच जातीचं दुसरं फूल हवं होतं, आणि बाबांच्या कुंडीवरच्या लेबलावर नेमकं तेच नाव होतं.

"लेबलांचं काही सांगू नका," तो म्हणाला. "संकर रोपावर मूळ जातीचं नाव चिकटवून सर्रास विकतात. पानं अगदी सारखी. फूल उघडल्याशिवाय कळायचं नाही."

कळी अजून पानांच्या बेचक्यात होती. म्हणजे वाट बघणं आलं. मग काय, साहेब येतच राहिले.

"कळी बघायला रोज यावं लागतं?" मी एकदा विचारलंच.

"तसं काही नाही," तो भिंग पुसत म्हणाला. "पण..."

"पण काय?"

"तिला एकटं वाटू नये."

"एकटी कशाने? मी आहे की इथे."

"तेच तर," तो म्हणाला – आणि माझे कान असे तापले की काही विचारू नका!

बाबांची नजर अधू झालीय, पण कान शाबूत. "हल्ली तो आला की तू दोनदोनदा फवारे सोडतेस," ते म्हणाले. "मुळं कुजवशील, बाई."

मी हसले. पण एक प्रश्न विचारायचा राहिलाच होता. शेवटी एकदा त्याला विचारला. "फूल अस्सल निघालं तर?"

"तर पराग लावायचा. शेंग पिकेपर्यंत माझा मुक्काम इथेच. वर्षभर तरी."

"आणि नाही निघालं तर...?"

तो कळीकडे बघत म्हणाला, "तर पेटीतला पराग मरायच्या आत जंगल पालथं घालायचं. परत कधी येईन, मला सांगता येणार नाही."

त्या दिवसापासून मी कळीशीच बोलायला लागले. बयो, माझ्यासाठी एवढं कर. अस्सल निघ.

एका सकाळी ती उघडली. हिरवीगार, तुकतुकीत... मी बघतच राहिले. मग फुलाच्या मधोमध असते ती इवलीशी ढाल बघितली. मूळ जातीची ढाल नितळ हिरवी असते, हे बाबांनी मला लहानपणीच शिकवलंय. हिच्यावर जांभळी झाक होती. पाकळ्यांच्या कडेला बारीक केसही होते, दुसऱ्याच कुठल्या जातीकडून आलेले.

तो आला. भिंग लावून खूप वेळ बघत राहिला. मग भिंग खाली केलं, आणि फुलाकडे नाही, माझ्याकडे बघून म्हणाला, "अस्सल आहे."

मी आनंदाने उड्याच मारायला हव्या होत्या. पण त्याला खोटं बोलताच येत नव्हतं. मानेपर्यंत लाल झाला होता.

"पुन्हा बघा."

"बघितलं."

"ढाल बघा. कडेचे केस बघा."

"उजेड जरा कमी..."

"लख्ख ऊन पडलंय!" मी ओरडलेच. "शेवटचा पराग ना तो? तो ह्याला लावणार तुम्ही?"

तो मटकन खताच्या गोणीवर बसला. "मला जायचं नाहीये," तो हळूच म्हणाला. "तुला सोडून... नाही जायचं मला."

किती दिवस हे ऐकायला जीव टाकत होते मी! आणि ते आलं कधी, तर आज.

"मलाही तू हवा आहेस," मी म्हटलं. 'तू' कधी तोंडातून निघालं, कळलंसुद्धा नाही. "इतका, की मघाशी ते केस चिमट्याने उपटून टाकावेत असं वाटलं. पण मग वर्षभर तू त्या शेंगेकडे बघून स्वतःलाच खात राहशील. आणि एक दिवस माझ्याकडेही तसंच बघशील. ते नाही रे सोसणार मला."

त्याने चष्मा काढला. मी तो माझ्या ॲप्रनला पुसून त्याच्या हातात दिला. बोटांना बोटं लागली आणि दोघांनीही ती लगेच हलवली नाहीत.

"वाट बघ म्हणू..."

"नको म्हणूस," मी म्हटलं. "म्हणालास तर खरंच बघत बसेन."

त्याने तसं म्हटलं नाही. कुंडीतलं लेबल उपटून त्याने उलट बाजूला 'संकर' असं लिहिलं, परत खोचलं आणि पेटी उचलून निघाला. दारापर्यंत मी गेले नाही. गेले असते तर त्याला जाऊ दिलं नसतं.

दुपारी बाबांनी चाचपडत फुलाच्या कडेवरून बोट फिरवलं. केस लागले असावेत, कारण त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "संकर फुलं फार टिकतात गं," ते म्हणाले. "दोन महिने तरी झडायचं नाही."

"तेच तर, बाबा," मी म्हटलं आणि त्यांच्या कुशीत शिरून ढसाढसा रडले.

फूल अजून तसंच आहे. मी हल्ली गात नाही. फवारे सोडायच्या आधी मात्र हाक मारते, "आत कुणी आहे का?" आणि जरा थांबते.

मग नळ सोडते.